एकाचा कोड दुसऱ्याला लागतो का

"हॅलो?… हॅलो!… कोण, निकिता?… थांब थांब, रेंज जातीय. खिडकीपाशी येते… हां, बोल आता. मोठ्यानं बोल जरा!"

मोठ्यानं बोलत होती ती खरं तर तेजश्रीच. लासुर्ण्याच्या त्या घरात रेंज म्हणून जी काय यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, बेसिनच्या वर, तीही वीतभर जागेत. त्यात तिच्या फोनचा स्पीकर दिवाळीपासून मुका झालेला. कानाला दाबून धरला तरच पलीकडचं ऐकू यायचं, आणि ज्या अर्थी आपल्याला ऐकू येत नाही त्या अर्थी पलीकडंही पोचत नसणार, अशी तिची पक्की समजूत. त्यामुळं धाकटी जाऊ बोलायची एवढंसं, आणि थोरली अशी बोलायची की निम्म्या आळीला सगळं कळायचं.

"व्हय, बगितलं की स्टेटस. सकाळीच बगितलं… न्हाय गं, राग कशाचा? तू फिर की. ज्याचं त्याचं नशीब… हां… हां… महाबळेश्वरला गार हाय म्हण लय… स्ट्रॉबेरी बी बगितली, वर मलई घातलेली. दिसली गं… आणि ते पलंगावर टॉवेलाचं बदक केलंय, ते कुणी? तू केलंस?… हाटेलवाल्यांनी? मोडलं की परत करत्यात?… रोज नवीन?… अगं बया."

ते बदक सकाळपासून तिच्या डोक्यातून जाईना. पोहायचा तलाव सोडून द्या, काचेच्या भिंतीची न्हाणी सोडून द्या. आपण बाहेर फिरून यावं आणि तोवर आपल्यासाठी कुणीतरी पलंग झाडून, चादर ताणून, वर टॉवेलाचं बदक करून ठेवावं, हे तिच्या काळजाला लागलं होतं. तिनं ते स्टेटस किती वेळा उघडलं ते तिचं तिला माहीत.

"अगं ऐक ना… तू म्हणशील ताई घाईत का बोलतीय. पाव्हणं आल्यात… बावड्याचे. दुसरे कोणते? छकुलीचेच… न्हाय, ठरवून न्हाय आले. बारामतीला यशराजकडं निघाले व्हते, वाटंत वळले… रावजी मामा आणि त्यांची बहीण, फुलाबाई आत्या… मामा ह्यांच्याबरुबर डाळिंबाची बाग बघाय गेल्यात. आत्या भाईर हॉलमधी बसल्यात… छकुली शेजारी कपबशा आणाय गेलीय. आपल्या दोन फुटल्या न्हाय का… व्हय गं, भावजी हितं असाय पायजे व्हते. पर ते तर पाण्यात!"

छकुली ही दोघींची नणंद. सासू-सासरे एकामागोमाग गेले तेव्हा पोर शाळेत होती; तिच्या वेण्या घालण्यापासून ते तिच्यासाठी स्थळ बघण्यापर्यंत सगळं तेजश्रीनंच केलं. बावड्याचं स्थळ तिनंच काढलेलं. मुलगी त्यांना पसंत पडली होती, रावजींचा मुलगा यशराज बारामतीच्या एमआयडीसीत चांगल्या कंपनीत होता. राहिलं होतं ते घरदार बघणं, आणि ते बघायला स्वतः फुलाबाई आल्या होत्या. रावजींच्या घरात शब्द चालायचा तो ह्या बहिणीचा. आज त्यांनी मान हलवली की सुपारीची तारीख निघणार होती.

म्हणजे तेजश्रीनं त्या घडीला हॉलमध्ये आत्यांसमोर बसायला पाहिजे होतं. पण बदक सुटता सुटेना.

"ते ऱ्हाऊ दे. मला एक सांग, एवढं मोठं हाटेल परवडतं कसं गं?… न्हाय, आपलं सहज विचारते… निम्म्यात? कसं काय निम्म्यात?"

हाटेलाचा भाव पाव्हण्यांच्या कानी कशाला, म्हणून इथं तिनं आवाज एकदम खाली आणला. सबंध फोनात ती हळू बोलली असेल तर एवढंच.

"…कोड? कसला कोड?… कंपनीचा… बरं… भावजींच्या कंपनीनं हाटेलवाल्यांशी आधीच ठरवून ठेवलंय… हां… मग मोबाइलवर खोली बुक करताना तितं तो कोड टाकायचा… आणि टाकला की भाव खाली… अगं बाई. एवढंच?"

एवढंच. कुठल्याशा चौकटीत चार अक्षरं टाकायची आणि पलंगावर बदक. तेजश्री खिडकीबाहेर बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती बाहेरगावी गेली ती जेजुरीला नाहीतर तुळजापूरला, टेम्पोत दाटीवाटीनं बसून. उतरल्या उतरल्या तीन दगडांची चूल मांडायची, आणि सगळे दर्शनाच्या रांगेत असताना भाकरी थापत कोण बसायचं, तर ही. हाटेलाची खोली तिनं अजून आतून बघितली नव्हती. तिचं पित्त खवळलं आणि आवाज परत चढला.

"म्हंजी तुमच्याकडं कोड हाय!… आणि आमाला पत्ता बी न्हाय!… कवापास्नं हाय?… लग्नाआधीपास्नं? भावजींना लग्नाआधीपास्नं कोड हाय?… आणि तू मला आज सांगतीस, निकिता? एका घरातली माणसं आपण!… लपवलं न्हाय तर काय केलं मग?… इषय निघाला न्हाय? एवढी दिवाळी झाली, पाडवा झाला, बाराएक माणसांत बसून गप्पा हाणल्या, तवा बरा इषय निघाला न्हाय!"

हॉलमध्ये पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. तिनं तो ऐकला, पण मनावर घेतला नाही.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे… मला बी दे की मग… का?… का लागत न्हाय?… एकाचा कोड दुसऱ्याला लागत न्हाय, आसं कोण म्हणलं?… मग तुझ्या बहिणीला कसा लागला?… अगं मला म्हाईत हाय सगळं! गोव्याचं फोटू बगितल्यात मी. तुझ्या बहिणीला लागला, तिच्या नवऱ्याला लागला, आणि सख्ख्या भावाला लागत न्हाय व्हय?… लागंल! ह्यांना बी लागंल! आडनाव एक, रगत एक!"

सोपान आणि संदेश, एका आईच्या पोटचे दोघं. धाकटा संदेश कंपनीत लागला, थोरला सोपान बागेत राहिला. ह्यात निकिताचा काही दोष नाही, हे तेजश्रीला शांत डोक्यानं विचार केला की कळायचं. पण डोकं शांत असेल तेव्हा ना!

"काय?… तितं गेल्यावर बघत्यात?… काय बघत्यात?… कार्ड… आणि ते न्हाय दावलं की पितळ उघडं?… हात्तिच्या! मग तुझी बहीण कशी सुटली?… भावजी संगं व्हते म्हणून? आसं व्हय!… मी सांगते, कुणी इतकं निरखून बगत न्हाय! इचारलं तर सरळ न्हाय म्हणायचं. तोंडावर थोडंच दिसतंय?… झाकून न्यायचं! जगात लोकं काय काय झाकून नेत्यात!"

निकिता पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलायला लागली असावी, कारण तेजश्री थोडा वेळ नुसतीच हूं हूं करत राहिली. आणि मग तिनं बेसिनच्या कडेवर हात आपटला.

"काय म्हणलीस? परत म्हण!… छकुलीला बी?… लग्न झाल्यावर छकुलीला बी कोड?… आणि यशराजला बी?… वा गं वा! म्हंजी नणंदेला आधी आणि मी हाय मागं वाट बघत!… माझा काय जीव न्हाय व्हय?… ते काय न्हाय. तू आत्ता काय बी बोलू नगंस. पाव्हण्यांम्होरं तर अजाबात चकार शब्द न्हाय काढायचा. गप ऱ्हायचं. एकदा लगीन उरकू दे, मग बघू कुणाकुणाला कोड लागतो ते!"

हॉलमध्ये खुर्ची सरकली.

"…न्हाय, मी चिडलेली न्हाय… न्हाय म्हणते ना… रडत बी न्हाय. कांदा चिरलाय मघाशी… हां, थांब गं, छकुली आली."

छकुली पडद्यातून आत आली ती कपबशा छातीशी धरून, आणि तिचं तोंड असं उतरलेलं की तेजश्रीला वाटलं, ह्याही फुटल्या.

"काय गं? काय झालं?… आत्या कुठं निघाल्या?… चपला घातल्या? च्या न घेता?… अगं पर मी हितं नुसती फोनवर… काय इचारलं तुला?… घरात कोड कुणाकुणाला हाय?… आणि तुझं हात उलटंपालटं करून बगितलं?… काय बगत व्हत्या?… डाग? डाग कसलं?…"

एवढं बोलून ती थांबली. मघापासून आपण काय काय बोललो ते एकेक वाक्य तिला परत ऐकू यायला लागलं, पण ह्या खेपेला हॉलमध्ये बसून. भावजींना लग्नाआधीपासून कोड आहे. बहिणीला लागला. रगत एक. तोंडावर थोडंच दिसतंय. लग्न झाल्यावर छकुलीला बी. आणि वर, एकदा लगीन उरकू दे! सोयरिकीच्या बोलण्यात हा शब्द निघाला की चांगली चांगली माणसं चहाचा कप खाली ठेवतात, आणि हिनं तो शब्द खिडकीत उभं राहून बोंबलून सांगितला होता.

"अगं बया, बया, बया!… निकिता! ठेवू नगंस, फोन ठेवू नगंस!… अगं घात झाला!… आत्यांनी ऐकलं सगळं!… हाटेलाचा कोड न्हाय गं, त्यांना वाटलं अंगावरचं कोड! पांढरं डाग!… हसतीस काय भवाने! हितं पोरीचं लगीन मोडाय लागलंय!… छकुले, धर हा फोन. खिडकीत धर, हलू नगंस. रडू बी नगंस, आजून कायबी मोडलं न्हाय. आले मी."

फुलाबाई पायरीवर उभ्या होत्या, पिशवी खांद्याला, नजर बागेच्या वाटेवर. भाऊ आला की निघायचं, असं त्यांचं ठरलेलं दिसत होतं. तेजश्रीनं जाऊन त्यांचा हातच धरला.

"आत्या, आत चला. तुमच्या पाया पडते, आत चला… आवो तसं न्हाय ते. तुमी म्हणताय तसलं कोड आमच्या घरात कुणाला बी न्हाय."

फुलाबाईंनी हात सोडवून घेतला नाही, पण आतही आल्या नाहीत. त्या अगदी सावकाश बोलल्या. म्हणाल्या, कोडाचं त्यांना काहीच वाटत नाही. त्यांच्या मालकांना कोड आहे, एका ताटात जेवून सगळा संसार झाला, ना ते कुणाला लागलं ना कुणाचं त्यानं अडलं. छकुलीच्या तोंडावर कोड असतं तरी त्यांनी तिला हसत नेली असती. पण पाव्हण्यांना काही कळू देऊ नका, एकदा लगीन उरकू दे, असं ज्या घरातली थोरली सून म्हणते त्या घरात त्यांना पाणीसुद्धा गोड लागायचं नाही.

हे बोलणं तेजश्रीला झोंबलं, कारण ते खरं होतं. कोड हाटेलाचा असला तरी लपवायची बुद्धी तर तिचीच होती.

"आत्या, खरं सांगू का?… मी जळत व्हते. जावंवर जळत व्हते. ती गेली महाबळेश्वरला, निम्म्या भावात. कंपनीचा कोड असतोय, तो टाकला की हाटेल सवस्तात मिळतं. मला म्हणली तुला लागत न्हाय. आणि छकुलीला लगीन झाल्यावर यशराजमुळं मिळंल म्हणली, तवा तर माझं डोस्कंच फिरलं. लेकीसारखी वाढवली हिला, आणि हिच्यावर बी जळले मी. माझ्याआधी हिला कसं, म्हणून उरकू दे म्हणलं. बास, एवढंच हाय. आईशपथ."

छकुली पडद्याआडून ऐकत होती. फुलाबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग तेजश्रीकडं. हाटेलात कोड घालतात हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं.

"इस्वास न्हाय ना बसत? चला मग, डोळ्यांनी बगा. चला!… छकुले, आण हिकडं फोन… निकिता, हायस का?… व्हिडिओ लाव. व्हिडिओ!… भावजी कुठं हायेत?… अजून पाण्यात? लय बरं झालं. तसंच ठेव त्यांना… भाईर येतायत? मग कापडं घालू देऊ नगंस!… अंगात बनियन हाय?… काढाय सांग!… अगं इचारत काय बसलीस, काढाय सांग म्हणते ना!"

फुलाबाईंना तिनं धरून बेसिनपाशी आणलं, त्या वीतभर जागेत. तिघींची डोकी एका खिडकीत. फोन समोर धरला की चित्र दिसायचं पण आवाज यायचा नाही. कानाला लावला की आवाज यायचा पण चित्र जायचं. तेजश्रीची नुसती तारांबळ.

"दिसलं, दिसलं… भावजी, मी तेजश्री!… तुमचं ऐकू येत न्हाय, नुसतं हात हलवा… हां. आता त्या पायरीवर उभं ऱ्हावा… आजून वर… लाजताय काय? सोयऱ्या हायेत त्या, छकुलीच्या आत्यासासू!… नमस्कार मागनं करा, आधी पाठ दावा… फिरा… फिरा की!… हात वर करा… निकिता, जवळनं दाव गं… बगा आत्या, नीट बगा. एक तरी डाग दिसतो का? उलट उन्हानं काळं पडल्यात!"

संदेश बिचारा चांगल्या हाटेलातल्या चांगल्या माणसांच्या देखत, ओल्या चड्डीवर, दोन्ही हात वर करून गोल गोल फिरत होता. फुलाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, फोनवर वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग पदर तोंडाला लावला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. डाग नाही, पण पोट सुटलंय तेवढं कमी कर म्हणावं, असं त्या म्हणाल्या, आणि छकुलीला जवळ ओढून तिनं आणलेल्या कपबशा त्यांनी स्वतः ओट्यावर मांडल्या. चहा टाक म्हणाल्या.

तेजश्रीनं फोन परत कानाला लावला.

"हॅलो… व्हय… हसल्या गं, हसल्या. च्या टाक म्हणल्या… जा बाई, जीवच गेला व्हता माझा… भावजींना सांग, घाला आता कापडं… थांब, आत्या काय इचारतायत… काय आत्या?… हां. निकिता, आत्या इचारतायत, यशराजच्या कंपनीत बी असतो का आसला कोड?… असतो?… मोठी कंपनी म्हणल्यावर असतोच?… आत्या, असतोय म्हणतीय. सोताचा कोड, सोताचं कार्ड, कुणी काय इचारायचं काम न्हाय… काय म्हणता? पुढल्या महिन्यात?… निकिता, ऐकलंस का? आत्या म्हणतायत, पुढल्या महिन्यात सुपारी फोडू!"

छकुली लाजून गॅसकडं तोंड करून उभी राहिली. तेजश्रीनं डोळे पुसले. ह्या खेपेला कांद्याचं नाव काढलं नाही. पोरीचं जमलं होतं. ज्यासाठी एवढी वर्षं केलं ते झालं होतं. घटकाभर तिला इतकं बरं वाटलं की निकितालाही तिनं मनातून माफ करून टाकलं. पण घटकाभरच.

"…काय म्हणतीस?… व्हय, झालं खरं मनासारखं… हां… आणि लगीन झालं की छकुली बी महाबळेश्वरला?… त्याच हाटेलात?… बदक बी मिळंल?… सोताच्या कोडावर… मिळू दे की. मला काय… न्हाय, मी काय म्हणत न्हाय… न्हाय गं… पर एक सांग मला निकिता, खरं खरं सांग…"

चहा कपात ओतला गेला होता. फुलाबाईंनी पहिला घोट घेतला होता. आणि तेजश्रीचा आवाज, जो मघापासून जरा ताब्यात होता, तो खिडकीतून, पडद्यातून, हॉलमधून, पार पायरीपर्यंत गेला.

"भावजींना कोड! तुला कोड! तुझ्या बहिणीला कोड! यशराजला कोड, आणि लगीन झालं की छकुलीला बी कोड! म्हंजी समद्या घराला कोड हाय आणि मी एकलीच तेवढी ऱ्हायले!"

फुलाबाईंना चहाचा ठसका लागला. असा लागला की त्यांना श्वास घेता येईना, मग बोलणं तर लांबच. छकुली त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, तीही हसून हसून वाकलेली. तेजश्रीनं वळून पडदा सरकवला.

दारात रावजी मामा उभे होते. डाळिंबाची पाटी हातात, एक चप्पल काढलेली, एक पायात. मागं सोपान, तोंड उघडं. रावजींनी एकदा तेजश्रीकडं बघितलं, एकदा आत डोळे पुसणाऱ्या बहिणीकडं, आणि काढलेली चप्पल हळूच परत पायात घातली.

"मामा, थांबा!… आत्या, सांगा की ओ कायतरी!… निकिता! अगं ठेवू नगंस! व्हिडिओ लाव परत!… भावजींना सांग, बनियन काढा आणि परत पाण्यात उतरा!… हॅलो?… निकिता?… हॅलो?… हॅलो?…"